पिवळ्या टॅगचं विमान

मी एक जुनं, पिवळं, दुमजली पंखांचं विमान आहे. खऱ्या मोठ्या विमानाची हुबेहूब लहान प्रतिकृती. आमच्या जातीला बायप्लेन म्हणतात. व्याकरणाप्रमाणे मी 'ते विमान', पण साहेबराव मला पहिल्या दिवसापासून 'गडी' म्हणत आले, तेव्हा मी बोलणारही गड्यासारखाच. मोशीच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर मी टांगलेला असतो. पंखा पाचवर केला की मी जरा डोलतो, आणि पाहुणे म्हणतात, "अरे वा, उडतंय की!" मित्रांनो, याला उडणं म्हणत नाहीत. उडणं काय असतं ते मला ठाऊक आहे, आणि आपटणं काय असतं ते तर त्याहून जास्त ठाऊक आहे.

माझा जन्म खोक्यात झाला. बाल्सा नावाच्या फुलासारख्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, पतंगाचा असतो तसा पातळ कागद, एक प्लॅस्टिकचा पंखा, तो फिरवायला लांब रबर आणि घडी घातलेलं एक मोठं ड्रॉइंग, एवढीच माझी इस्टेट. हे खोकं स्वप्नालीनं आपल्या वडिलांसाठी, म्हणजे साहेबरावांसाठी, आणलं. त्यामागं कारण होतं.

साहेबराव चाकणच्या एका कंपनीत मशीन शॉपला होते. तिथं बिघडलेल्या मालाला लाल टॅग लावून लाल पेटीत टाकतात, म्हणजे तो भंगारात गेला. दुरुस्त होण्यासारख्या मालाला पिवळा टॅग लावतात, त्याला रिवर्क म्हणतात. साहेबरावांना पिवळा टॅग कधी पटलाच नाही. "माल एक तर ओके, न्हाईतर भंगार," हा त्यांचा कायदा. शॉपमध्ये त्यांना 'झिरो रिजेक्शन' म्हणत. पुढं ते रिटायर झाले, त्यांना शाल मिळाली, घड्याळ मिळालं, आणि दुसऱ्या दिवसापासून काय करायचं ते मात्र कुणी सांगितलं नाही.

मग ते काय करत? पहाटे उठत, दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि खाली कंपनीच्या बसस्टॉपवर जाऊन उभे राहत. पहिल्या शिफ्टची बस येई. ड्रायव्हर कोंडीराम सवयीनं ब्रेक मारी, दार उघडी, मग दोघंही ओशाळून हसत आणि बस निघून जाई. धूर खाली बसेपर्यंत साहेबराव तिथंच उभे. स्वप्नालीही त्याच कंपनीत क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला, होती, पण तिची जनरल शिफ्ट, बस नंतरची. एका सकाळी तिनं गॅलरीतून हे पाहिलं. त्याच रविवारी मी घरात आलो. मला बनवायचं म्हणजे पप्पांना बसस्टॉपवरून घरात आणायचं, एवढी मोठी जबाबदारी माझ्या बारीक काड्यांवर होती.

पहिले काही दिवस सुखाचे गेले. साहेबरावांनी डायनिंग टेबलाचं मशीन शॉप केलं. त्यांच्या बायकोला, गिरजाबाईंना, पोळ्या लाटायला ओटाच तेवढा उरला. एका लोखंडी घमेल्याला त्यांनी लाल रंग दिला आणि ते टेबलाखाली ठेवलं. "रिजेक्शनची पेटी. नियम म्हंजे नियम," ते म्हणाले. ड्रॉइंग पसरलं, ते उडू नये म्हणून कोपऱ्यावर चहाचा कप ठेवला आणि काम सुरू झालं.

मित्रांनो, तो कप नीट लक्षात ठेवा.

ड्रॉइंगवर पंख काढले होते फक्त डाव्या बाजूचे. त्यावर काड्या ठेवून, टाचण्या टोचून पंख जोडायचे. साहेबरावांनी एक जोडला, सुरेख झाला. दुसरा जोडला, त्याहून सुरेख. तिसरा, चौथा! चारही पंख टेबलावर ओळीनं मांडून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग ते मला लावायला घेतले.

चारही पंख डावेच झाले होते.

ज्या माणसानं अख्खी नोकरी पोरांवर "डावा एलएच कुठला, उजवा आरएच कुठला, डोळं हाईत का बटनं?" असं ओरडण्यात घालवली, त्यानं माझे चारही पंख डावे करावेत! मला हसू येत होतं, पण मला तेव्हा तोंड बसवलेलं नव्हतं.

"काय झालं?" गिरजाबाईंनी ओट्यापासून विचारलं.

"काय न्हाई. ड्रॉइंग चुकलंय."

"छापलेलं चुकलंय?"

"छापणारी माणसंच असत्यात."

घमेल्यात टाकायचे तर दोन पंख टाकावे लागणार, म्हणजे आपलं रिजेक्शन निघालं म्हणावं लागणार. ते साहेबरावांना कसं जमावं? त्यांनी दोन पंख उलटे करून उजव्या बाजूला लावले. आता पंखाची वरची बाजू फुगीर असते, खालची सपाट. माझ्या डाव्या अंगाला सगळं बरोबर आणि उजव्या अंगाला फुगवटा खाली, असा मी दोन मनांचा झालो. शिवाय सांधे जुळेनात. मग आली एपॉक्सी, दगडासारखा घट्ट होणारा गोंद. "मजबुती पायजे," असं म्हणत त्यांनी माझ्या प्रत्येक सांध्याला लाडवाएवढा गोळा थापला. नाक जरा लवलवतंय वाटलं, तिथं एक नटबोल्ट आवळला. बाल्साच्या अंगात नटबोल्ट! शेवटी गिरजाबाईंनी मला पुसायला म्हणून उचललं आणि दुसरा हात लावला.

"अवं, हे इमान हाय का पाटा?"

"कंपनीत आमी बनवलेला जॉब कुणाच्या हातात वाकला न्हाई कधी."

"मग ह्याच्यावर चटणी वाटू का?"

त्या रविवारी गच्चीवर माझी चाचणी झाली. उन्हाळ्याचे दिवस. शेजारच्या विमलबाईंनी गच्चीभर कुरडया वाळत घातल्या होत्या. साहेबरावांनी माझं रबर पिळलं, हात उंचावला, स्वप्नालीनं मोबाइल धरला आणि त्यांनी मला सोडलं. मी उडालो असं म्हणणं खोटेपणाचं होईल. माझा डावा अर्धा वर निघाला, उजवा अर्धा खाली, नटबोल्टानं नाक खाली ओढलं, आणि मी एक गिरकी घेऊन थेट कुरडयांच्या मधोमध नाक खुपसलं. काड्कन आवाज झाला. त्यातला माझा किती आणि कुरडयांचा किती, ते अजून ठरलेलं नाही.

"साहेबराव," विमलबाई म्हणाल्या, "तळायच्या आधीच चुरा केलात की हो!"

स्वप्नालीला हसू आवरेना. तिथंच घात झाला. साहेबरावांनी माझे तुकडे गोळा केले, खाली आणले, लाल घमेल्यात टाकले आणि घमेलं दिवाणाखाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मला वस्तऱ्याची खरखर ऐकू आली. मग दार लागल्याचा आवाज. खाली बसनं ब्रेक मारला, दार उघडलं, दार मिटलं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. मोडल्याचं वाटलं नव्हतं, तेवढं त्या दाराचं वाटलं.

असे बरेच दिवस गेले. माझ्यावर धूळ बसली. एक झुरळ माझ्या बॉडीत बिऱ्हाड करून राहिलं आणि भाडंही न देता मला तुच्छतेनं वागवू लागलं.

मग एका संध्याकाळी स्वप्नाली कामावरून आली ती चपला न काढताच दिवाणावर बसली. चहा नको, जेवण नको. गिरजाबाईंनी फार विचारल्यावर बांध फुटला. उजव्या बाजूच्या ब्रॅकेटच्या खोक्यांत डाव्या बाजूचे ब्रॅकेट भरले गेले होते आणि तिनं खोकी न उघडता, वरचं स्टिकर बघून ओके दिलं होतं. माल गिऱ्हाइकाकडून परत आला. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर एक साहेब म्हणाले, "साहेबरावांची मुलगी ना तुम्ही?"

"मला तोंड दाखवायला जागा नाही राहिली," ती रडत म्हणाली. "उद्या मी राजीनामा देणार. पप्पा, तुमचं नाव घालवलं मी."

साहेबराव उठले. मग ते खाली वाकले, गुडघ्यांनी कुरकुर केली, आणि त्यांनी माझं घमेलं बाहेर ओढलं. झुरळ पळालं. साहेबरावांनी माझे पंख एकेक करून पोरीच्या मांडीवर ठेवले.

"हे बघ. हा डावा. हा पण डावा. हे दोन, हे बी डावेच."

स्वप्नाली रडायची थांबली. "चारही?"

"चारी."

"आणि ड्रॉइंग चुकलंय म्हणालात ते?"

"ड्रॉइंग बरोबर हाय. माझं चुकलं."

हे शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारले गेले असावेत, कारण गिरजाबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या.

कंपनीत काही चुकलं की 'व्हाय-व्हाय' करतात. का झालं, ते का झालं, मग तेही का झालं, असं विचारत विचारत मुळाशी जायचं. स्वप्नालीनं नाक पुसलं आणि क्वालिटीवाल्यांच्या त्या कोरड्या आवाजात विचारलं, "विमान का पडलं?"

"उजवा पंख उलटा होता."

"का?"

"उजवा केलाच न्हाई."

"का?"

"ड्रॉइंगवर नोट होती. उजवा पंख कागद पालथा घालून काढावा म्हणून. ती वाचली न्हाई." साहेबरावांनी ड्रॉइंग उलगडलं. कोपऱ्यात चहाचं गोल कडं होतं आणि त्या कड्याच्या बरोब्बर आत ती नोट.

"का नाही वाचली?"

"कप ठेवला होता."

"कप का नाही उचलला?"

साहेबरावांनी खाली मान घातली. मग हळू म्हणाले, "मला वाटलं, मला कशाला वाचाय लागतंय?"

स्वप्नाली त्यांच्याकडं बघत राहिली. "मलापण तेच वाटलं," ती म्हणाली. "खोकं कशाला उघडायचं? मी साहेबरावांची मुलगी, मला स्टिकर पाहूनच कळतं."

दोघं एकमेकांकडं बघून आधी कसंनुसं आणि मग पोट धरून हसायला लागले. गिरजाबाई म्हणाल्या, "घ्या. बाप तशी लेक. आता तरी जेवता का?"

जेवण झाल्यावर साहेबरावांनी पोरीला विचारलं, "तुझ्या बॅगेत टॅग असत्याल की. पिवळा हाय का?" तिनं दिला. त्यांनी तो माझ्या मोडक्या शेपटीला बांधला, दोन गाठी मारून. "आपल्या दोघांचंबी रिवर्क," ते म्हणाले. "राजीनामा कसला देतीस? ब्रॅकेट परत आल्यात ना? मग बस आणि निवड."

तिनं राजीनामा दिला नाही. ती रोज ब्रॅकेट निवडत होती आणि इकडं साहेबराव मला निवडत होते. एपॉक्सी खरवडली, नटबोल्ट काढून गिरजाबाईंच्या कुकरच्या कानाला लावला (तो तिथं फार शोभतो). नोट मोठ्यानं वाचून, कागद पालथा घालून दोन उजवे पंख केले. त्यातला एक पुन्हा वाकडा झाला, तर स्वतःच म्हणाले, "पिवळा," आणि परत केला. शेवटी रंग कुठला द्यायचा, हे कुणाला विचारावंच लागलं नाही. शेपटीचा टॅगही त्यांनी तसाच ठेवला.

मला उडवलं ते जवळच्या प्राधिकरणातल्या मोकळ्या मैदानात, सकाळी, वारा पडलेला असताना. साहेबरावांनी मला सोडलं आणि मित्रांनो, मी उडालो! खोटं नाही. खाली गवत पळत होतं, माझे चारही पंख एका मताचे होते, आणि साहेबराव बंडी-लेंग्यावर माझ्यामागं "गडी निघाला! गडी निघाला!" करत धावत होते. आनंदाच्या भरात मी जरा जास्तच गेलो. मैदान संपलं, रस्ता आला. रस्त्यावरून कोंडीरामची पहिल्या शिफ्टची बस चालली होती. रबर संपलं आणि मी अलगद तिच्या टपावर बसलो. बसनं मला चाकणला नेलं.

कंपनीच्या गेटवर दत्तोबा वॉचमननं मला पाहिलं, काठीनं खाली काढलं आणि शेपटीचा टॅग वाचला. "पिवळा हाय म्हंजे आपलंच मटेरियल," असं म्हणून त्यानं मला रिवर्कचा माल ठेवतात त्या जाळीच्या खोलीत पाठवून दिलं. दिवसभर मी स्वप्नालीच्या ब्रॅकेटांशेजारी बसलो होतो. बिचारे सभ्य होते, झुरळापेक्षा कितीतरी बरे. संध्याकाळी स्वप्नाली मला घेऊन गेटवर आली, तर दत्तोबा हलेना.

"गेटपासशिवाय एक खिळाबी भायेर जात न्हाई, मॅडम. मटेरियलचं नाव सांगा."

"विमान."

"इमान. नग एक. रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल? परत येणार का न्हाई?"

"रिटर्नेबल लिहा. आमचे पप्पा उद्या पुन्हा उडवणार."

बस मोशीला थांबली तेव्हा साहेबराव स्टॉपवर होते. दाढी नाही, इस्त्री नाही, बोटांना पिवळा रंग. त्या जागी ते आजवर शेकडो वेळा उभे राहिले असतील, पण कुणाची वाट बघत उभे राहण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. संध्याकाळच्या या बसवरही कोंडीरामच होता. त्यानं दार उघडलं, कुणीच ओशाळलं नाही, आणि स्वप्नालीनं मला त्यांच्या हातात दिलं. काठीनं माझा एक पंख फाटला होता. साहेबरावांनी तो उजेडाकडं धरून पाहिला. मी जीव मुठीत धरला.

"काय न्हाई, गड्या," ते म्हणाले. "रिवर्क."

तर मित्रांनो, मला हाताळायचं असेल तर हात पुसून हाताळा, उन्हात ठेवू नका आणि पंखा पाचवर करू नका, मला चक्कर येते. तुमच्या हातून काही मोडलं, तर ते दिवाणाखाली सरकवू नका. तिथं झुरळं असतात. आणि काहीही जोडायला बसाल तेव्हा आधी तेवढा चहाचा कप उचला.