खांबाला लागलेला चेंडू

गेल्या वर्षी शेजारच्या कोलबर गावाविरुद्धचा फुटबॉलचा सामना आम्ही चार गुणांनी हरलो, आणि तो हरवला माझ्या नवऱ्याने. आमच्या वारानूक गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील. मैदानावर आमचे अठरा जण पळत होते, बाकावर आणखी चार बसले होते, पहिल्या अर्ध्यात सगळ्यांनी मिळून अकरा सोपे नेम चुकवले होते. पण हरवला तो मर्व्हने.

मर्व्ह गोलचा अंपायर. आमच्या लीगची रीतच आहे, प्रत्येक क्लबाने आपला एक माणूस द्यायचा. एका टोकाला आमचा, दुसऱ्या टोकाला त्यांचा. सत्तावीस वर्षं मर्व्ह पांढरा कोट घालून खांबांमध्ये उभा राहतोय. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू नीट गेला की सहा गुण आणि दोन झेंडे. बाजूने गेला किंवा खांबाला नुसता शिवून गेला तर एकच गुण, एकच झेंडा. त्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा आम्ही पाच गुणांनी मागे होतो, पण चेंडू आमच्या टली हार्ग्रेव्हच्या हातात होता (आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातातही धरतात), आणि भोंग्यानंतरही हातातला चेंडू पायाने मारू देतात. टलीने मारला. चेंडू खांबांतून पार गेला. कुंपणाला लावलेल्या आमच्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम सुरू झाले, थेल्मामावशीने विणकाम सुयांसकट हवेत उडवलं, आणि मर्व्हने एक बोट वर केलं. एकच.

घरी आल्यावर मी विचारलं, "लागला होता?"

"लागला होता. आवाज आला."

विषय संपला. म्हणजे आमच्या घरात संपला.

यंदाच्या सामन्याआधीच्या गुरुवारी मी नेहमीप्रमाणे क्लबाच्या स्वयंपाकघरात होते. गुरुवारी पोरांचा सराव असतो आणि नंतर सगळ्यांचं जेवण. बाहेर आमचा कोच शेन दिव्यांच्या उजेडात पोरांना पळवत होता. आत, माझ्या खिडकीसमोरच्या टेबलावर, सामना कसा जिंकायचा ते ठरत होतं. तिथे शेनला कुणी बोलावलेलं नव्हतं. त्याची कुणाला आठवणही नव्हती.

टेबलावर तिघं. नेव्हिल प्राउज, क्लबाचा अध्यक्ष. दोन हजार मेंढ्या सांभाळतो, पण आपल्याला घोड्यांची पारख आहे असं त्याला वाटतं. डूली, मैदानाशेजारच्या सायलोवर, म्हणजे गव्हाच्या उंच कोठारावर, तीस वर्षं काम करून आता रिकामा. आणि थेल्मामावशी, वय एक्याऐंशी. मावशी ती नेव्हिलची, पण सगळं गाव तिला मावशीच म्हणतं. डूलीने माझ्या टेबलावरचं सामान ताब्यात घेतलं होतं. मिठाच्या बाटल्या गोलचे खांब झाल्या होत्या. सॉसची बाटली म्हणजे कोलबरचा तो सहा फूट सात इंचांचा राक्षस. मोहरीची बरणी म्हणजे आपला टली.

"टलीला मध्यात खेळवायचा," डूली मोहरी सरकवत म्हणाला. "पुढे उभा राहून त्याला काय मिळणार? थंडी."

"टलीला मध्यात? अरे, त्याला पळता कुठे येतं!" नेव्हिल म्हणाला. "माझं ऐक. नाणेफेक जिंकायची आणि पहिल्या सत्रात वाऱ्याबरोबर सायलोच्या टोकाला मारायचं. झाला सामना."

"आणि नाणेफेक हरलास तर?" मावशीने विणता विणता विचारलं.

"हरणार नाही, मावशी."

"तुझा बापही असंच म्हणायचा. म्हणून तर त्याचं लग्न माझ्या बहिणीशी झालं."

डूली हसला आणि खोकला. मी सूप ढवळत होते. मग बराच वेळ वाऱ्यावर वाद झाला. वारा दुपारी फिरतो की नाही, फिरला तर तीनला की साडेतीनला, १९८८ साली कधी फिरला होता. सॉसची बाटली दोनदा आडवी झाली. शेवटी डूली म्हणाला, "ते सगळं खरं. पण शेवटच्या सत्रात आपण मारणार त्या टोकाला उभा कोण असणार?"

डूलीने मिरपुडीची डबी उचलली आणि दोन मिठांच्या मधे ठेवली.

मी ओळखलं. तो मर्व्ह होता.

"याला रस्त्याच्या टोकाला पाठवू," डूली हळूच म्हणाला. "तिकडे वाऱ्यामुळे गोल कमी होतात. नुकसान कमी."

"अरे गाढवा," मावशी म्हणाली, "दर सत्राला बाजू बदलते. दोन्ही संघ दोन्ही टोकांना मारतात. त्याला चंद्रावर उभा केलास तरी अर्धे गोल त्याच्याकडेच यायचे."

डूलीने डबी उचलून थोडा वेळ हातात धरली. मग नेव्हिलने ती त्याच्या हातातून घेतली आणि टेबलाच्या कडेला, चमच्यांपलीकडे ठेवून दिली.

"आपण त्याचा सन्मान करू," तो म्हणाला. "सत्तावीस वर्षं म्हणजे थट्टा नाही. मैदानाच्या मध्यावर नेऊन त्याच्या हातून नाणं उडवायचं. मग खुर्ची, पायांवर घोंगडी, थर्मासमध्ये चहा. झेंडे ट्रेव्हरकडे."

"ट्रेव्हरला मोतीबिंदू आहे," मावशी म्हणाली.

"थोडाच."

"त्याने परवा माझ्या कुत्र्याला गुड मॉर्निंग म्हटलं. माझं नाव घेऊन."

"मावशी, खांबाला लागलेलं न दिसणारा माणूसच हवाय ना आपल्याला?"

मी ॲप्रनला हात पुसले, बाहेर गेले आणि मिरपुडीची डबी उचलली.

"अगं नरेल, ती लागतेय आम्हाला," डूली म्हणाला.

"मलाही सूपला लागतेय. तुम्हाला तर ती नकोच होती ना?"

डूलीने मोहरीच्या बरणीकडे पाहिलं. नेव्हिल माझ्यामागे खिडकीपर्यंत आला. त्याचं आणि मर्व्हचं शाळेपासूनचं. दोघांनी एकच सायकल आळीपाळीने चालवलेली.

"नरेल, तू सांग ना त्याला. तू सांगितलंस तर त्याला लागणार नाही."

"तूच सांग की. तुझी योजना आहे."

"मी सांगितलं तर त्याला वाटेल, आमचा त्याच्यावर विश्वास नाही."

"मग काय वाटायला हवं?"

नेव्हिलने सुपाचा वाडगा घेतला आणि 'छान झालंय' म्हणाला. अजून चाखलंही नव्हतं.

त्याने सांगितलं नाही. संघाची यादी शुक्रवारी सकाळी बेकरीच्या काचेवर लागते, तिथेच ते लागलं. बावीस नावं, खाली कोच, पाणी देणारे, आणि अगदी तळाशी: गोल अंपायर, ट्रेव्हर हॅस्लम. त्याच्याशेजारी बारीक अक्षरांत: मर्व्हचा सन्मान, नाणेफेक त्याच्या हातून, खुर्ची आणि घोंगडीसह. मर्व्ह पाव आणायला गेला होता. बेकरीवालीने नंतर मला सांगितलं, तो काचेसमोर इतका वेळ उभा होता की तिला वाटलं केक बघतोय, म्हणून तिने आतून विचारलं, "कुठला देऊ?"

घरी आला, पाव ठेवला.

"मला नाणं उडवायचंय म्हणे," तो म्हणाला. "आणि घोंगडी आहे."

"मग?"

"मग काय. नाणं जड नसतं." दारापर्यंत गेला आणि वळला. "कोट इस्त्री करू नकोस."

दिवसभर तो कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकत बसला. त्या जाळीला काहीही झालेलं नव्हतं. मी स्वयंपाकघरातून त्याच्या हातोडीचे आवाज ऐकत होते. तो कधी कुणाशी भांडत नाही, हीच त्याची अडचण. भांडला असता तर गाव गेल्या वर्षीच गप्प झालं असतं. सामन्यानंतर दोन महिने त्याच्यासमोर लोक हवापाण्यावर बोलायचे, आणि तो गेला की खांबावर. त्याला ते कळत होतं. तरी दर शनिवारी तो वेळेआधी अर्धा तास जाऊन खांब हाताने चाचपून यायचा, गोठ्यातल्या गाईला चाचपावं तसे.

मी कोट इस्त्री केला. कॉलर दोनदा केली. सत्तावीस वर्षांची सवय एका वाक्याने जात नाही, आणि तसंही ती इस्त्री माझी होती.

शनिवारी सकाळी नऊपासून गाड्या कुंपणाला लागल्या, नाकं मैदानाकडे करून. मी मैदानाकडची खिडकी उघडली, विकायच्या खिम्याच्या पाई गरम करायला ठेवल्या, आणि कोट ॲप्रनांच्या मागच्या खुंटीला टांगला. का, ते मला विचारू नका. मर्व्ह साधं जॅकेट घालून आला, आणि नेव्हिलने त्याच्या पाठीवर इतक्या थापा मारल्या की बघणाऱ्याला वाटावं, याच्या घशात काहीतरी अडकलंय. खुर्ची मांडलेली होती. घोंगडीही होती, मेंढ्यांच्या वासाची.

मग कोलबरवाले आले. त्यांचा अध्यक्ष रॉस टिंडल सरळ माझ्या खिडकीशी आला, दोन पाई घेतल्या, एक नेव्हिलच्या हातात दिली आणि म्हणाला, "बाबा, आमची पंचाईत झालीय. बर्नी शिडीवरून पडला. पायाला प्लास्टर आहे. आमच्याकडे गोलला उभा राहायला माणूस नाही."

"अरेरे," नेव्हिल म्हणाला. त्याला मनापासून आनंद झालेला दिसत होता. "मग आमच्यातलाच एखादा घे. पोरगं बिरगं देतो कुणीतरी."

"पोरगं नको. आम्हाला मर्व्ह दे."

नेव्हिलच्या हातातली पाई थांबली. "मर्व्ह? मर्व्ह आमचा आहे."

"बेकरीच्या काचेवर तर ट्रेव्हरचं नाव आहे. मी येताना पाव घेतला ना."

"त्याचा आज सन्मान आहे!"

"मग आम्हीही करतो की. झेंडे देऊन." रॉसने पाईवर सॉस ओतला. "हे बघ, गेल्या वर्षी त्या ठिकाणी आमचा बर्नी असता, आणि आमच्या पोराने मारला असता, तर बर्नीने काय दिलं असतं ठाऊक आहे? सहा. न बघता. मी स्वतः सहा दिले असते. तुमच्या माणसाने एक दिला. आख्ख्या लीगमध्ये असा दुसरा माणूस मला दाखव, मी त्याला घेतो."

थेल्मामावशी गाडीची काच खाली करून ऐकत होती. "घ्या," ती ओरडली. "मेंढ्या राखणारे झालेत अध्यक्ष! चांगला कुत्रा शेजाऱ्याला देऊन बसले!"

मैदानावरच्या मुख्य अंपायरला विचारलं. तो म्हणाला, दोन्ही क्लबांनी आपापला माणूस द्यायचा एवढंच नियमात आहे, माणूस कुठल्या गावचा हवा ते कुठे लिहिलेलं नाही. नेव्हिलने डूलीकडे पाहिलं. डूलीने पायाखालच्या गवताकडे पाहिलं. गुरुवारच्या त्या एवढ्या योजनेत हे कुठल्याच बाटलीने सुचवलं नव्हतं.

मर्व्ह खुर्चीतून उठला. घोंगडी नीट घडी घालून खुर्चीवर ठेवली.

"रॉस, खांबाला लागला तर मी एकच देईन," तो म्हणाला. "तुमच्या पोराने मारला तरी."

"म्हणून तर आलोय."

मर्व्हने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर लाज होती, आणि खाली दुसरं काहीतरी होतं जे मी गेलं वर्षभर पाहिलेलं नव्हतं. "पण कोट घरी राहिला," तो म्हणाला.

"ॲप्रनच्या मागे बघ," मी म्हणाले.

तो कोट घालून सायलोच्या टोकाकडे चालत गेला, आधी डाव्या खांबाला हात लावला, मग उजव्या. नाणं नेव्हिललाच उडवावं लागलं. आम्ही नाणेफेक हरलो.

शेवटच्या सत्रात वारा फिरला. डूलीच्या मते चाळीस मिनिटं उशिरा. आमचा संघ सायलोच्या टोकाला मारत होता, आणि टलीने पन्नास मीटरवरून एक असा मारला की चेंडू हवेत असतानाच अर्ध्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. मीही चिप्सचा झारा हातात घेऊन खिडकीतून वाकले. चेंडू खांबांतून गेला. मर्व्ह क्षणभर थांबला, मग त्याने एक बोट वर केलं आणि एक झेंडा हलवला.

हॉर्न बंद झाले. मी डोळे मिटले आणि सगळ्या कुंपणावरून येणाऱ्या आवाजाची वाट पाहिली.

आलं ते हसू. डूली शेजारच्याला सांगत होता, "आज तो त्यांचा आहे ना, तो तसंच देणार. त्याचं कामच आहे ते." आणि ती गोष्ट गाडीतून गाडीत गेली, थर्मासबरोबर, बिस्किटांबरोबर. आज तो त्यांचा आहे. वर्षभर त्यांना मर्व्हच्या प्रामाणिकपणाचं कारण सापडत नव्हतं. आता सापडलं होतं, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आम्ही अकरा गुणांनी जिंकलो. ट्रेव्हरने आपल्या टोकाला काय काय दिलं त्याबद्दल मी बोलणार नाही. रॉस बराच बोलला.

संध्याकाळी क्लबात गर्दी होती. मर्व्ह कोट काखेत घेऊन कोपऱ्यात उभा होता. नेव्हिल दोन बिअर घेऊन त्याच्याकडे गेला, एक दिली, आणि दोघंही भिंतीवरच्या जुन्या संघांच्या फोटोंकडे बघत राहिले. मी ताटं गोळा करत जवळच होते.

"पुढच्या वर्षी परत आपल्याकडे ये," नेव्हिल म्हणाला.

"बघू. रॉसने आधी विचारलंय."

नेव्हिलने मोठा घोट घेतला. "टलीचा तो आजचा. लागला होता?"

"लागला होता."

"वाटलंच मला." मग त्याने एका फोटोची चौकट सरळ केली. "आणि गेल्या वर्षीचा?"

वर्षभरात माझ्याशिवाय गावातल्या एकाही माणसाने हे त्याला तोंडावर विचारलेलं नव्हतं. मी ताटं हातात धरून तशीच उभी राहिले.

"तोही," मर्व्ह म्हणाला.

नेव्हिलने मान हलवली. खिडकीबाहेर मैदानावर आता अंधार पडायला लागला होता आणि सायलोच्या टोकाचे खांब जेमतेम दिसत होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला. दोष कुणाला तरी द्यायला हवाच होता, त्याशिवाय त्याला घरी जाता येईना.

"वारा," तो शेवटी म्हणाला. "त्या दिवशी वारा फारच वाईट होता."

"होता खरा," मर्व्ह म्हणाला, आणि मी ताटं धुवायला गेले.