डब्यातली चिठ्ठी

बुधवारच्या प्रार्थनासभेत बिस्किटांचा जुना डबा फिरायचा. ज्याला देवाकडे काही मागायचं असेल त्याने ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही, घडी करून डब्यात टाकायची. शेवटी डबा हलवून प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि आठवडाभर ते मागणं आपलंच समजून मागायचं. चिठ्ठी परत करायची नाही, आत काय आहे ते कुणाला सांगायचं नाही. एवढे दोनच नियम. इतकी वर्षं ते कुणाला जड गेले नव्हते.

धाकटीने त्या बुधवारी आपली चिठ्ठी टाकली. तीत तिने लिहिलं होतं, सोमवारची परीक्षा पार पडू दे, मला बस चालवायची आहे. मग डबा फिरून आला, तिने एक चिठ्ठी उचलली आणि घरी येऊन स्वयंपाकघरात उघडली. कागद दोघी बहिणींच्या घरातल्याच भिंतीवरच्या कॅलेंडरचा होता, गेल्या महिन्याचा. अक्षर ताईचं. ताई वेलांट्या अशा काढते की दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं वाटतं.

‘माझ्या धाकट्या बहिणीचं बसचं वेड उतरू दे. तिला तिकीटखिडकीतच बरं वाटू दे.’

धाकटीने ते दोनदा वाचलं. ताई शेजारच्या खोलीत उशांचे अभ्रे बदलत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. मनात पाप असलेला माणूस असा गुणगुणत नाही, असं धाकटीला वाटलं, आणि त्यानेच ती जास्त गोंधळली.

धाकटी म्हणायला धाकटी, वय त्रेचाळीस. एकोणीस वर्षं डेपोच्या तिकीटखिडकीत बसलेली. काचेला मधोमध गोल भोक, त्यातून तिला माणसांच्या हनुवट्या दिसायच्या आणि पैसे धरलेली बोटं. पाठीमागे बस यायच्या, जायच्या, आणि ती त्यांच्या आवाजावरून ओळखायची कुठली कोणती. वर्षभरापूर्वी नोटीस लागली की आतल्या कर्मचाऱ्यांनाही ड्रायव्हरची परीक्षा देता येईल, आणि तिच्या पोटात काहीतरी हललं. ते हलणं देवाचंच, असं तिने ठरवून टाकलं. चर्चच्या मंडळीतले एक निवृत्त ड्रायव्हर होते, सगळे त्यांना हळूहळूकाका म्हणत, कारण आयुष्यभर ते तोच एक शब्द बोलत आले होते. दर रविवारी उपासना संपली की ते तिला रिकाम्या मैदानात शिकवायचे. लायसन्स झालं, मोठ्या गाडीचंही झालं. आता उरली होती डेपोची परीक्षा. बस मागे घेऊन दोन ड्रमांच्या मधे उभी करायची, ड्रमला धक्का न लावता.

आणि आता हे. नियम म्हणजे नियम. आपल्याला गैरसोयीची चिठ्ठी आली म्हणून ती मागायची नाही, तर मग दुसऱ्यांनी आपली तरी का मागावी?

गुरुवारी सकाळी ती पलंगाशी गुडघे टेकून बसली. ताईचं मागणं तिने भराभर उरकलं, रांग लांब असली की तिकीट फाडतात तसं, आणि स्वतःचं मात्र सावकाश, शब्द मोजून मागितलं. उठताना तिला स्वतःचीच लाज वाटली. म्हणून शुक्रवारी तिने दोन्ही सारख्याच वेगाने मागितलं. शनिवारी तर ताईचं आधी घेतलं.

झालं असं की ताईचं मागणं लागू पडायला लागलं. शुक्रवारी खिडकीत बसल्यावर तिला त्या स्टुलाबद्दल अचानक माया वाटली. एक म्हातारी हनुवटी म्हणाली, तुम्ही असलात की बरं, सुट्ट्या पैशांवरून ओरडत नाही तुम्ही. धाकटीचे डोळे भरून आले. शनिवारी सुट्टी काढून सरावाला गेली तर तिने डावा ड्रम असा आडवा केला की तो गडगडत कुंपणापर्यंत गेला. काका म्हणाले, हळूहळू. पण ती घाबरली होती ती ड्रमला नाही. हा देवाचा नकार, की नुसती भीती, की सकाळी काही न खाता आल्याचा परिणाम? तिन्हींचे आवाज पोटात सारखेच येत होते.

ती तडक पाळकांकडे गेली. ते प्रार्थनाघराच्या बाकाचा पाय ठोकत होते. तिने नाव न घेता विचारलं, एकाच घरातून दोन उलटी मागणी गेली तर देव कुणाचं ऐकतो?

पाळकांनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले. म्हणाले, “देव काही तुझ्यासारखा खिडकीत बसलेला नाही, पुढे आला त्याला आधी तिकीट.”

“मग कसं ठरवतो?”

“ते मला माहीत नाही,” पाळक म्हणाले. “मी पाळक होऊ नये म्हणून माझ्या आईने तीन वर्षं प्रार्थना केली. मी व्हावं म्हणून मी केली. कुणाचं ऐकलं ते अजून कळलेलं नाही. काही रविवारी वाटतं आईचंच ऐकायला हवं होतं.” मग त्यांनी तिला सांगितलं की दोन्ही मागत राहा, आणि सोमवारी आरशात बघायला विसरू नको.

रविवारी संध्याकाळी ताईने जेवताना सहज विचारलं, तुझ्या चिठ्ठीत काय आलंय. सांगायचं नसतं, धाकटी म्हणाली. ताईने मान डोलावली आणि लगेच स्वतःचं सांगून टाकलं, की तिच्या चिठ्ठीत कुणाचे तरी दुखरे गुडघे आले आहेत, आणि तिला ते सभेतल्या शिंपीणबाईचेच वाटतात. धाकटीने पुढचा घास केला. आईच्या मागे हिनेच आपल्याला वाढवलं, वेणी घालून शाळेत पाठवलं. हिच्यावर रागवावं तर कुठून सुरुवात करायची?

सोमवारी दहाला ताई आपणहून डेपोत आली आणि छत्री मांडीवर घेऊन भिंतीच्या बाकावर बसली. धाकटीने त्या दिवशी सकाळी ताईचंच मागणं शेवटी मागितलं होतं, आणि प्रामाणिकपणे.

ती ड्रायव्हरच्या सीटवर चढली. परीक्षक साहेब खाली वही घेऊन उभे राहिले. तिने आरसे नीट केले, आणि उजव्या आरशात तिला तिची खिडकी दिसली. बदली आलेली मुलगी, बाहेर वळणापर्यंत गेलेली रांग. आणि त्या क्षणी बसचं सगळं वेड तिच्यातून निघून गेलं. पाण्याची टाकी रिकामी व्हावी तसं. तिला खरोखर, मनापासून, त्या स्टुलावर जाऊन बसावंसं वाटलं.

म्हणजे ऐकलं. ताईचं ऐकलं. मग आता उतरायचं का?

“बाई, चला,” साहेब म्हणाले.

हवंसं वाटणं गेलं होतं, पण हात होते, पाय होते, आणि वर्षभराचे रविवार त्यांच्यात मुरलेले होते. तिने क्लच दाबला. डावा आरसा, उजवा आरसा, हळूहळू. बस मागे गेली, दोन ड्रमांच्या मधे शिरली आणि थांबली. ड्रम जिथल्या तिथे.

साहेबांनी फॉर्म पुढे केला. पास, इथे सही करा, पुढच्या महिन्यापासून फेऱ्या. नको असेल तर तसं लिहा, यादीत दुसरे आहेत. आजच सांगा.

ती फॉर्म घेऊन बाकावर ताईशेजारी बसली.

“काय झालं?” ताईने विचारलं.

“पास झाले. पण मला ते हवंय की नाही, तेच कळेनासं झालंय.”

ताईचा चेहरा उतरला. छत्रीची मूठ तिने घट्ट धरली. तेव्हा धाकटीने नियम मोडला.

“तुझी चिठ्ठी मला आली होती, ताई.”

ताईने छत्री बाकाला टेकवून ठेवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “आणि तू मागितलंस?”

“पाचही दिवस. गुरुवारी जरा कमी.”

“वेडी का गं तू? मी एवढं मनापासून लिहिलं नव्हतं.”

धाकटीला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्हीपैकी एकही धड बाहेर पडलं नाही. ताई सांगू लागली, की तिला बसचा राग नव्हता. दिवेलागणीला घरात एकटं असलं की भांड्यांचा आवाज फार मोठा होतो, एवढंच. ते लिहायला लाज वाटली म्हणून दुसरं लिहिलं.

मग तिने फॉर्म ओढून घेतला, चष्मा लावला आणि बोटाने ओळ शोधली. शेवटची फेरी पावणेसातला डेपोत परत. “साडेसातपर्यंत घरी येशील,” ती म्हणाली. जणू परीक्षा तिनेच घेतली होती. आणि खांद्यावरच्या पिशवीतून पेन काढून पुढे केलं.

धाकटीने वर बघितलं. वर डेपोचा पत्रा होता. काही कळेल म्हणून ती थोडी थांबली, पण पत्र्यावर एक कावळा चालला, तेवढंच. कळलं नाही. पेन मात्र हातात होतं. तिने सही केली, नेहमीचीच.

महिना संपेपर्यंत खिडकी तिचीच होती. तिने बदली मुलीला उठवलं, स्टुलावर बसली आणि भोकातून दिसणाऱ्या पहिल्या हनुवटीला म्हणाली, “बोला.” मागे एक बस सुरू झाली. आवाजावरून तिला ती ओळखता आली, तरी तिने वळून बघितलं.