नऊ की बारा

साडूचा स्वभाव वकिलाला पुरेपूर ठाऊक होता, आणि त्याच भरवशावर तो त्याच्याबरोबर गोल्फच्या दुकानात आला होता.

साडूला क्लबात सगळे 'तोफ' म्हणत. तो पहिला फटका मारायचा तेव्हा शेजारच्या मैदानावरचे लोकही मान वर करून बघायचे. पण वय काही कुणाचं ऐकत नाही. गेलं वर्षभर शेवटच्या तळ्यापलीकडे चेंडू न्यायचा म्हटलं की त्याच्या नाकी नऊ येत होते, आणि निम्म्या वेळा चेंडू पाण्यातच जात होता. दोघं क्लबाकडून स्पर्धेत जोडीने खेळत, म्हणजे एक बुडाला की दुसराही बुडणार. शेवटी कॅप्टनने वकिलाला बाजूला घेतलं आणि विचारलं, या वेळी त्या दातांच्या डॉक्टरबरोबर खेळशील का. डॉक्टर तरुण होता, लांब मारायचा आणि कमी बोलायचा. काल संध्याकाळी वकील हो म्हणून मोकळा झाला.

मोकळा कसला, चांगलाच अडकला. मित्र सोडता येतो, साडू सोडता येत नाही. बायका सख्ख्या बहिणी. सकाळी चहा देतानाच बायकोने बजावलं होतं, "आज सांगून टाका. ताईला बाहेरून कळलं तर मला तिच्या दारात उभं राहायची सोय उरणार नाही." वकील हो हो म्हणाला. कोर्टात समोरच्याला बोलू न देणारा हा माणूस, घरच्या माणसाला एक वाक्य सांगायचं म्हटलं की तारीख मागायचा.

तर त्याचा हिशेब असा होता. साडूला नवा ड्रायव्हर घ्यायचा होता. ड्रायव्हर म्हणजे पहिल्या लांब फटक्याची काठी. तिचं तोंड जितकं वर बघतं, तितके अंश तिच्या बुडाशी छापलेले असतात. पट्टीचे खेळाडू नऊ अंशांचा वापरतात, निदान चारचौघांत तसं सांगतात. साडूने उभ्या आयुष्यात नऊखेरीज काही हातात धरलं नव्हतं. त्यावरचं सगळं त्याच्या मते हवा खायला येणाऱ्यांसाठी. आता हात मंदावला की जास्त अंश लागतात, हे दुकानात सांगणारच. साडू भडकणार, हट्टाने नऊच घेणार, आणि मग जोडी मोडल्याचं सांगताना वकील म्हणू शकणार, बाबा रे, मी काय करू, तूच ऐकलं नाहीस. साप मरणार आणि काठीही मोडणार नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत हिरवी चटई अंथरली होती आणि समोरच्या पडद्यावर मैदान दिसत होतं. खेळणाऱ्याच्या हाताला बसेल अशी काठी निवडून देणाऱ्या फिटर एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी साडूची विचारपूस केली, जुन्या काठीने चार फटके मारून घेतले आणि दोन नवे ड्रायव्हर काढले. आजकालच्या ड्रायव्हरची मान पान्याने सैल करून फिरवता येते, तोंड थोडं वर किंवा खाली करता येतं. बाईंनी दोन्हींवर पाना चालवला आणि बुडाच्या आकड्यांवर चिकटपट्टी लावली.

"आकडा कशाला झाकता?" साडूने विचारलं.

"आकडा दिसला की लोक चेंडू सोडून आकडा मारतात," बाई म्हणाल्या.

पहिला ड्रायव्हर साडूने चेंडूमागे टेकवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "याचं तोंड डावीकडे वळलंय." तरी त्याने मारून पाहिला. चेंडू डावीकडेच गेला. दुसरा टेकवला तसे त्याचे खांदे खाली आले. त्याने मारला, आणि पडद्यावरच्या तळ्यावरून चेंडू सहज पार झाला. पुन्हा मारला, पुन्हा पार. तो तिसऱ्यांदा मारायला उभा राहिला तेव्हा वकिलाला जुना साडू दिसला, आणि क्षणभर त्याला मनापासून बरं वाटलं.

"हा माझा नऊ," साडू म्हणाला. "झोपेतसुद्धा ओळखेन."

बाईंनी पट्टी काढली. बुडाशी बारा छापले होते.

"बारा वाजले," वकिलाच्या तोंडून निघून गेलं.

"बाराच आहे, पण साडेदहापर्यंत उतरवलाय," बाई म्हणाल्या. "अंश उतरवले की तोंड जरा उजवीकडे उघडतं. तुमच्या नजरेला तेच सरळ वाटतं. आधीचा होता तो नऊ. तो साडेदहापर्यंत चढवला, म्हणून डावीकडे वळला."

आता भडका उडणार म्हणून वकील मागे सरकून उभा राहिला. साडूने काठी उलटी करून आकडा पाहिला. मग पुन्हा चटईवर टेकवून वरून बघितलं.

"द्या हाच," तो म्हणाला.

"अरे, बारा?" वकील म्हणाला. "क्लबात लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. चार दिवस हसतील आणि गप्प बसतील."

"तरी विचार कर. नऊच घे. तुझी सवय आहे." आपण कुणाची बाजू मांडतोय, हे वकिलाला बोलताना कळत होतं, पण जीभ थांबत नव्हती.

"माझ्या एकट्याचं असतं तर नऊच घेतला असता, आणि मरेपर्यंत तळं भरलं असतं," साडू म्हणाला. "पण माझ्याबरोबर तूही बुडतोस, गाढवा. वर्षभर तू चकार शब्द काढला नाहीस. दुसऱ्या कुणी एव्हाना जोडी बदलली असती."

वकिलाला लाज वाटली. साधी, कानशिलं तापवणारी लाज.

"मी बदललीये," तो म्हणाला. "डॉक्टरबरोबर खेळतोय. कॅप्टनला हो म्हणालोय."

बाईंना बाहेरच्या खोलीत काहीतरी काम आठवलं.

"कधी म्हणालास?"

"काल संध्याकाळी."

साडूने मान हलवली. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर वकिलाला भांडता तरी आलं असतं.

"मग आज इथे कशाला आलास?"

याचं उत्तर वकिलाकडे होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. साडूने बाहेर जाऊन बारा अंशांचा ड्रायव्हर विकत घेतला, बाईंचे आभार मानले आणि काठी खांद्याला लावून गाडीपाशी उभा राहिला. वकिलाने घाईघाईने पुढचं दार उघडलं.

"काठी पुढे मावायची नाही," साडू म्हणाला आणि मागे जाऊन बसला.

वकिलाने गाडी सुरू केली. पहिल्या सिग्नलला थांबल्यावर त्याच्या मनात आलं की आज साडूला एका फेरीत दोन ड्रायव्हर मिळाले. त्याने सवयीने मान डावीकडे वळवली, पण तिथे कुणी नव्हतं.