शेवटच्या बसचे बाक

मी एक जुना विंडो एसी आहे, मित्रांनो. सध्या कुवेतमधल्या अम्गराच्या भंगारबाजारात उताणा पडलो आहे. ऊन सरळ अंगावर येते, पण आता मला कोणाला गार करायचे नाही. खरे सांगू? इतका आराम मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

माझी नोकरी अबू हलीफाच्या एका भारतीय शाळेत होती. सातवीच्या वर्गात, मागच्या भिंतीत, मला बसवले गेले. बसवणारा तुळशीदास कुडाळकडचा, कंत्राटावर आलेला. शिडीवर उभा राहून त्याने माझी जाळी काढली आणि खाली शिडी धरून उभ्या असलेल्या लवूला, त्याच्या मदतनिसाला, दाखवली.

"ह्येका म्हयन्याक एकदा धुवक होयो. नायतर बोंब मारीत ऱ्हवतलो."

"मगे तुझ्यासारखोच," लवू म्हणाला.

पहिली काही वर्षे सुखाची गेली. मुले बाहेरून तापून येत आणि माझ्यासमोर हात पसरून उभी राहत. माझ्याखालच्या बाकासाठी भांडणे होत. तुळशीदास नेमाने येई, जाळी धुई, जाताना मला एक थाप मारी.

मग शाळेने कंत्राट बदलले आणि तो यायचा थांबला. नवीन माणसे आली ती माझे बटण चालते का एवढेच पाहून गेली. वादळामागून वादळे आली, जाळीत धूळ भरली. मला श्वास पुरेना. आधी घरघर सुरू झाली, मग खडखड. पाण्याची वाट तुंबली आणि खालच्या बाकावर थेंब पडू लागले. कुवेतच्या उन्हाळ्यात मला बंद ठेवणे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून मी तसाच ओरडत चालत राहिलो.

आता माझ्याखाली कोणी बसेना. अबू हलीफाची मुले शाळेच्या शेजारची. ती आधी येऊन पुढची बाके धरत. जहरा शहराची बस देशाच्या दुसऱ्या टोकाहून येई, सगळ्यांत शेवटी. तिथली मुले धावत वर्गात शिरत आणि जे बाक उरले असेल त्यावर बसत. उरलेले बाक रोज माझ्याखालचेच असे.

त्या बाकावर आधी सुदेश बसायचा. त्याचे गुण घसरत गेले आणि त्याला गावी पाठवून दिले. त्याच्या जागी हफिजा आली. तिचे वडील यासिर जहरात एका दुकानात कामाला होते. घर मूळचे रत्नागिरीच्या किनाऱ्याकडचे. हफिजा प्रश्नाला उत्तर देत नसे. विचारले की नुसती हसायची. बाकावर साचलेल्या पाण्यात बोटाने घरे काढत बसायची.

त्या वर्षी योगिनी मिस विज्ञान शिकवायला आल्या. सुपरवायझर कुसुम मॅडमनी त्यांना सहावी ते आठवीच्या निकालाचे तक्ते करायला सांगितले. मुलांचे राज्य, घरची भाषा, राहण्याचा भाग, सगळे धरून. तक्ता माझ्यासमोरच्या भिंतीवर लागला. राज्याने फारसा फरक पडत नव्हता, भाषेनेही नाही. पण सातवीच्या रांगेत जहराचा खांब अगदी बुटका होता.

कुसुम मॅडम म्हणाल्या की यात नवल काही नाही, तिकडची मुले कच्चीच असतात. मिस मात्र तक्त्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. सहावीत आणि आठवीत जहराची मुले ठीक होती. मग सातवीतच असे का?

पालकसभेत हफिजाच्या आईला, सुरैयाला, मॅडमनी तेच ऐकवले. सुरैया हळूच म्हणाली, "बाई, घरी हीच माझ्या चुका काढते. हितं येऊन हिला काय होतं, कळत नाय." मग तिने सांगितले की सत्र संपले की हफिजाला गावी मामूकडे ठेवणार. शेजारी उभी असलेली हफिजा त्या वेळी हसली नाही.

नंतर एका दुपारी मी फार तापलो आणि आपोआप बंद पडलो. वर्गाने एकच उसासा टाकला. मिस बाष्पीभवन शिकवत होत्या. त्यांनी विचारले, घाम आल्यावर वारा गार का लागतो? मागच्या बाकावरून हात वर गेला. हफिजाने पूर्ण आणि बरोबर उत्तर दिले. मग बसता बसता म्हणाली, "मिस, आज तुम्ही मोठ्याने बोलताय का?"

मिस मोठ्याने बोलत नव्हत्या. त्यांनी वर माझ्याकडे पाहिले.

पुढच्या चाचणीआधी त्यांनी जागा बदलल्या. जहराची मुले पुढे आणि पुढची मुले माझ्याखाली. चाचणीत माझ्याखालच्यांचे गुण घसरले. कुसुम मॅडम म्हणाल्या, एका चाचणीवरून काय सिद्ध होते? मिसनी कबूल केले की काहीच सिद्ध होत नाही, अजून दोन-तीन घ्यायला हव्यात. पण तेवढा वेळ नव्हता. सुरैया हफिजाचा दाखला मागायला आली होती.

मिसनी तिला सातवीच्या रिकाम्या वर्गात आणले, मला चालू केले आणि तिला माझ्याखालच्या बाकावर बसवले. हफिजाला फळ्यापाशी उभे केले. मग फळ्यावर लिहिता लिहिता, रोजच्या आवाजात, त्या काहीतरी बोलल्या.

"काय म्हणलात?" सुरैया पुढे वाकली.

मिस पुन्हा बोलल्या. सुरैयाने पदर कानामागे सारला. "नाय आयकू येत, बाई."

तेव्हा हफिजा दोन रांगांमधून चालत मागे आली आणि आईच्या कानाशी वाकली. "अम्मी, मिस म्हणतायत, तुमची मुलगी कच्ची नाही."

सुरैया बाकावरचे पाणी हाताने पुसत राहिली. मग उठून म्हणाली, "दाखला राहू द्या."

सत्र संपल्यावरच्या सुट्टीत मला भिंतीतून काढले. नव्या कंत्राटाबरोबर तुळशीदास परत आला होता. त्याने जाळी उघडली, आत पाहिले, आणि माझ्या पाठीवर पूर्वीसारखीच थाप मारली. "घसो बसलो मां रे तुझो," तो म्हणाला. मग मला गाडीत घातले.

मित्रांनो, तुमच्या वर्गात माझा एखादा भाऊबंद घरघरत असेल तर त्याची जाळी धुवायला सांगा. तो आळशी नसतो, दमलेला असतो. आणि कोणाला कच्चे म्हणण्याआधी त्याच्या बाकावर एकदा बसून बघा. हफिजाच्या आईला कोणीतरी बसवले. सुदेशच्या आईला कोणी बसवले नाही.