शकूच्या वाट्याचं रडू

हरिहरमास्तरांनी ‘बोधफुलांची परडी’ हे बालकथांचं पुस्तक स्वतः लिहिलं, स्वतः छापून घेतलं आणि स्वतःच वाचलं. निदान वाचण्याचं काम तरी दुसऱ्या कुणी करावं अशी त्यांची फार इच्छा होती, पण उभ्या ठाण्यात तसा माणूस भेटेना. प्रतींचे गठ्ठे घरी पलंगाखाली पडून होते आणि त्यांचा आस्वाद वाळवी घेत होती.

म्हणून त्या वर्षीच्या शाळा-तपासणीवर मास्तरांचा सगळा जीव टांगलेला होता. तपासणीला येणाऱ्या दिपोटीसाहेबांनी शिफारस केली तर ही परडी जिल्ह्यातल्या साऱ्या शाळांत पूरक वाचनाला लागणार होती. साहेबांना खूश करायचं तर चौथीच्या वर्गात गोष्टीचा तास घ्यायचा आणि गोष्ट कुठली, तर परडीतली पहिली, ‘भाकरी’. ती मास्तरांच्या स्वतःच्या आईची गोष्ट होती. मातृभक्त म्हणून कोपरीपासून नौपाड्यापर्यंत त्यांचं नाव होतं आणि ते नाव त्यांनी कधी धुळीत पडू दिलं नव्हतं.

अडचण एकच होती. मास्तर शाळेचे हेडमास्तर असले तरी चौथीचा वर्ग वासंतीबाईंकडे होता.

वासंतीबाई ट्रेनिंग कॉलेजातून नव्यानं आलेल्या, अजून कायम न झालेल्या. त्या गोष्ट वाचत आणि तात्पर्य सांगतच नसत. पुस्तक मिटायचं, “तुम्हाला काय वाटलं?” असं विचारायचं आणि गप्प उभं राहायचं. मास्तरांना त्यांच्या विचारण्याचा राग येई, पण त्या गप्प उभ्या राहण्याचा दसपट येई. पगार घेऊन मास्तरीण गप्प बसते आणि पोरं बोलतात! एकदा एका पोरानं कोल्ह्याची बाजू घेतली. कोल्ह्याची! मास्तर खिडकीतून ओरडले होते, “बाई, ही शाळा आहे की मासळीबाजार?”

“मासळीबाजारात निदान गिऱ्हाइकाला बोलू देतात, गुरुजी,” बाई म्हणाल्या होत्या. हे वाक्य मास्तरांनी मनात जपून ठेवलं होतं, वेळ आली की व्याजासकट परत करायला.

पण दिपोटीसाहेबांनाही हेच खूळ लागल्याचं कानावर आलं. हल्ली ते म्हणे तात्पर्य विचारत नाहीत, मुलांना काय वाटलं ते विचारतात. मास्तर दोन दिवस चरफडले आणि मग त्यांनी त्यावर तोड काढली. मुलांना काय वाटलं ते त्यांनी आधीच ठरवून टाकलं.

तपासणीच्या आठवडाभर आधी ते छडी घेऊन बाकांमधून फिरले. “सुधीर, तू उठून म्हणायचंस, ‘मला त्या मुलाचा अभिमान वाटला.’ हेमा, ‘मीसुद्धा माझ्या आईची सेवा करीन.’ आणि तू गं, काय नाव तुझं? शकू. तुला रडू आलं पाहिजे.”

शकू कोपरीकडची. तिचे आईबाप मिठागरावर कामाला होते. गरिबाच्या पोरांना रडू लवकर येतं, अशी मास्तरांची समजूत होती.

“कवा येयाला पायजे?” शकूनं विचारलं.

“आई मरते तेव्हा. शेवटच्या वाक्याला.”

“आनि नाय आला तं?”

“का नाही येणार? डोळे कशाला दिलेत देवानं?”

वर्ग सुटल्यावर वासंतीबाई ऑफिसात आल्या. “गुरुजी, मुलांना काय वाटणार ते तुम्ही आधी कसं ठरवता?”

“तुमची नोकरी कायम होणार की नाही ते ठरवतो ना, तसंच,” मास्तर म्हणाले. “आधी, आणि माझ्या सहीनं.” मासळीबाजाराचं देणं फिटलं. मास्तरांना त्या रात्री झोप छान लागली.

तपासणीच्या दिवशी गोष्ट मास्तरांनी स्वतः वाचली. विधवा आई, दुसऱ्यांच्या घरी दळणकांडण करणारी. रात्री घरात भाकरी एकच. मुलगा दिव्याशी अभ्यासाला बसलेला. आई भाकरी त्याच्यापुढं ठेवते आणि म्हणते, ‘मला भूक नाही, बाळ.’ वर्षानुवर्षं. मुलगा परीक्षेत पहिला येतो, धावत घरी येतो, आणि त्याच्या यशाची वार्ता ऐकून ती माउली समाधानानं डोळे मिटते. हा शेवट मास्तरांनी तीनदा घासूनपुसून लिहिला होता. त्यांची आई खरं तर धडधाकट होती आणि त्या वेळी घरी अळूची पानं चिरत असेल. पण आई मेल्याशिवाय मुलांचे डोळे भरून येत नाहीत, म्हणून त्यांनी तिला मारली होती. साहित्यात असं करावं लागतं.

सुधीरला अभिमान वाटला. हेमा आईची सेवा करणार होती. एकामागून एक पोरं उठली, बोलली आणि बसली. दिपोटीसाहेबांनी जांभई दाबली आणि खुर्चीत पुढं सरकून विचारलं, “छान. आता सांगा, या गोष्टीत कुणाला काही खटकलं का? काही विचारावंसं वाटतंय?”

खटकायचं कुणी, हे सांगायचं मास्तरांचं राहून गेलं होतं. पोरांनी वासंतीबाईंकडे पाहिलं. बाई नेहमीसारख्या गप्प उभ्या होत्या, वाट बघत. तेवढ्यात शकूचा हात वर आला. चला, मास्तरांना वाटलं, रडायला उशीर झाला, पण उठली एकदाची. त्यांनी मान हलवून तिला हुरूप दिला.

शकूचे डोळे मात्र ठणठणीत कोरडे होते. “त्या पोराला दिसत व्हता ना, भाकर येकच हाय? मंग त्यानं अर्दी मोडून आयशीला का नाय दिली?”

मास्तर घाईनं पुढं झाले. “अगं, आईच म्हणाली ना, भूक नाही म्हणून!”

“आय तं तसंच बोलनार,” शकू म्हणाली. “माजी आय पन बोलते. आमी तरी तिला देतो.”

मग काय विचारता! धरणाला भगदाड पडलं. सुधीर अभिमान विसरून म्हणाला, “तो अभ्यास करत होता, त्याचं लक्ष नसेल.” हेमा ताडकन उठली, “दिव्यात अक्षरं दिसतात आणि आई दिसत नाही?” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “तो खादाड होता!” सगळा वर्ग हसला आणि दिपोटीसाहेबही हसले. मास्तरांना त्या घटकेला सगळ्यांचा सारखाच द्वेष वाटला, पोरांचा, साहेबांचा आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या बाईचा.

साहेब उठले. “तास सुरेख झाला. बाईंनी वर्ग चांगला तयार केलाय.” मग परडी टेबलावर ठेवून म्हणाले, “पुस्तकाचं मात्र मी वेगळं काय लिहू, हरिहरराव? मुलांनी निकाल दिलाच आहे.”

साहेबांचा टांगा वळणाआड गेला मात्र, मास्तरांनी शकूला बोलावलं. “हात पुढं कर. शिकवलेलं सांगता येत नाही?” छडी सपकन बसली. शकूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आता त्याचा कुणाला उपयोग नव्हता. दुसरी बसायच्या आत वासंतीबाई मध्ये आल्या.

“तुम्हाला मला मारायचंय, गुरुजी. पोरीला कशाला मारता?”

“तुम्हाला मारत नाही, नारळ देतो. उद्यापासून येऊ नका.”

बाईंनी शकूचा हात धरला आणि तिला घेऊन त्या चालू लागल्या. रडल्या नाहीत की विनवण्या केल्या नाहीत. त्याचाही मास्तरांना संताप आला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं तावातावानं सांगितलं. पोर कशी उद्धट, बाई कशी फितवणारी. कोपऱ्यात बसलेल्या आईनं मान वर केली. “कुठली गोष्ट रे, हरी?”

“तुझीच, आई. तुझ्यावरच लिहिलेय.”

“माझ्यावर? मग मला वाचून नाही दाखवलीस कधी.”

खरंच नव्हती दाखवली. आई निरक्षर, तिला काय कळणार, असं त्यांना वाटलेलं. पण आज त्यांना साक्षीदार हवा होता, आणि हिच्याहून मोठा साक्षीदार कोण? त्यांनी गोष्ट वाचली. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. म्हातारी लक्ष देऊन ऐकत होती.

“आता तूच सांग आई, ती पोर असं विचारते म्हणजे काय!”

“तिला काय म्हणालास?”

“छडी दिली.”

“आणि बाईला?”

“काढून टाकलं.”

आई म्हणाली, “मी रोज बघत बसायचे. वाटायचं, आज अर्धी ठेवशील. तू ताट चाटूनपुसून उठायचास. मग मी पाणी प्यायचे.”

“तू भूक नाही म्हणायचीस!”

“दुसरं काय म्हणणार होते?”

“मग इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस!” मास्तर ओरडलेच.

“तू कधी विचारलंस?” म्हातारीनं पुस्तकाकडे बोट केलं. “त्यात मला मारलीस ते बरं केलंस. जगले असते तर बोलले असते.”

बायकोनं पानं वाढली. आईच्या ताटात नेहमीचा मऊ दूधभात होता. मास्तर ताटावर बसले. मग त्यांनी आपल्या ताटातली भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी आईच्या ताटात ठेवली.

म्हातारीनं त्या अर्ध्या भाकरीकडे बघितलं. मग उचलून ती परत त्यांच्या ताटात ठेवली.

“खा तू,” ती म्हणाली. “आता मला दात कुठं आहेत?”