शिवशरणअप्पा पाण्यात उतरतात

अंबाजोगाईच्या रस्त्यावर एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडात वॉटर पार्क निघालं, तेव्हा सगळ्या तालुक्याने आधी मालकाला वेड्यात काढलं आणि मग तोच तालुका मुकाट्याने तिकिटाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. प्यायच्या पाण्याला टँकर, आणि हा गडी पाण्याच्या घसरगुंड्या बांधतोय! पण पत्र्याखाली पाणी उन्हाने उडत नाही, तेच गाळून गाळून वापरतो, असं मालकाचं म्हणणं. आत उंच घसरगुंडी होती, घंटा वाजली की लाटा सुटणारा हौद होता, कॅसेटच्या गाण्यांवर पावसात नाचायची सोय होती, आणि मुक्कामाला कूलर लावलेल्या खोल्याही होत्या. घरोघरी नुकतंच केबल आलेलं. टीव्हीत दिसतं ते आपल्याकडेही पाहिजे, असे ते दिवस होते.

घाटनांदूरचे किराणा दुकानदार शिवशरणअप्पा तिथे सहकुटुंब आले ते नातीच्या, रुचिकाच्या हट्टापायी. पण खरी आस लागली होती ती रुचिकाच्या आईला, कावेरीला. कावेरीचं माहेर नांदूरघाट, नाव सासरचंच उलटं. पाठीला भोपळा बांधून वडिलांनी तिला विहिरीत ढकललं होतं, आणि पुढच्याच उन्हाळ्यात ही पोर भोपळ्याशिवाय तळाची माती वर आणून दाखवत होती. लग्न झालं आणि पोहणं माहेरीच राहिलं. वॉटर पार्कला जायचं ठरल्यापासून ती भाकरी थापतानाही मनातल्या मनात हात मारत होती. एकदाच का होईना, तिला बुडी मारायची होती.

अडचण एकच होती, आणि ती हौदाच्या काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती.

अप्पा माणूस वाईट नव्हते. पण सुनेने सासऱ्यापुढे डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि सासऱ्याने सुनेच्या तोंडाकडे पाहायचं नाही, हे त्यांच्या घरात जेवणखाणाइतकं नेमाचं होतं. घरात पाऊल टाकण्याआधी अप्पा असे खाकरत, की शेजारच्या बायकाही पदर सावरून घेत. आणि इथे तर दारातच पाटी लावलेली: सुती कपडे चालणार नाहीत, गाळणी तुंबते, साडी आणि ओढणी घालून पाण्यात उतरू नये. जन्मभर कापसावर जगलेल्या शेडात आता कापसालाच बंदी!

कावेरीने भाड्याचा निळा नायलॉनचा ड्रेस चढवला, डोक्यावर टॉवेल घेतला आणि ती खांबाआड उभी राहिली. तिच्या सासूबाई शांतादेवी तोवर नायलॉनची मॅक्सी घालून पावसात नाचायलाही लागल्या होत्या.

"ये की गं!" त्या ओरडल्या. "कावून खांबाला चिकटलीस?"

"मामंजी हायत ना, आत्याबाई."

"हायत तर हायत! डोळे मिटा म्हनावं त्यांला!"

दोनदा कावेरी हिय्या करून पायरीपर्यंत गेली. दोन्ही वेळा अप्पा खाकरले. आता ते भज्यातल्या मिरचीमुळे खाकरले असतील, पण तिच्या पायांना ते कोण सांगणार? पाय आपोआप खांबाआड परतले. तिने नवऱ्याकडे, रवीकडे पाहिलं. "अप्पांला मी काय म्हनू?" असं पुटपुटत तो बिचारा आणखी भजी आणायला निघून गेला. कावेरीला रडू फुटायचंच काय ते बाकी होतं. एवढं पाणी समोर, आणि ती आपली कोरडी ठणठणीत.

मग रुचिकाने आजोबांचं धोतर ओढलं. "आजोबा, तुमी पन या. लाटा सुटनार हायत!"

अप्पा जिल्ह्यातल्या कुठल्याही व्यापाऱ्याला तोंडावर नकार देत. रुचिकाला नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती. पण धोतर पडलं सुती. शेवटी कपडे बदलायच्या खोलीतून ते बाहेर आले, ते भाड्याच्या नारिंगी चड्डीत. चड्डीवर हिरवे पोपट. समोर सून आहे हे लक्षात येताच त्यांनी टुणकन उडी मारून दुसरा खांब गाठला.

"रव्या!" ते भज्यांच्या गाड्याकडे बघून कळवळून ओरडले. "तुझ्या बायकुला सांग, तिकडं तोंड कर म्हनावं!"

एका खांबाआड सून, एका खांबाआड सासरा. टॉवेलात तोंड खुपसून कावेरी हसली, आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. लग्न झाल्यापासून सासऱ्याची तिला पहिल्यांदाच दया आली.

तिच्या पाठीमागे घंटा वाजली. लाटा सुटल्या. ट्रॅक्टरच्या भल्यामोठ्या ट्यूबमध्ये अप्पा बसले होते, त्यांच्या मांडीवर रुचिका. तिसऱ्या लाटेला ट्यूब अशी उसळली की रुचिका रबराला धरून खिदळत राहिली आणि अप्पा मधल्या भोकातून सटकन खाली गेले. उभे राहिले असते तर पाणी छातीला लागलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला आपल्याला पाय आहेत हे आठवत नाही.

"आई! आजोबा बुडाले!"

कावेरी वळली. टॉवेल कुठे पडला, कोण बघतंय, काही तिच्या ध्यानात राहिलं नाही. तिने काठावरून सूर मारला, दोन हातांत पोचली आणि अप्पांच्या काखेत हात घालून त्यांना वर काढलं. भज्यांची प्लेट धरून रवी काठावर आ वासून उभा.

अप्पांना ठसका लागला, पाणी नाकातोंडातून आलं, कपाळावरची विभूती केव्हाच धुऊन गेली होती. ती हात काढून मागे सरकू लागली, तशी त्यांनी तिची मनगटं घट्ट पकडली. घंटा पुन्हा वाजली होती.

"सोडू नगंस, पोरी," अप्पा काकुळतीला येऊन म्हणाले. त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते. "अजून यायला लागल्यात."

"न्हाई सोडत, मामंजी. अंग ढिलं टाका. आन डोळे उघडा बगू, डोळे मिटले की भ्या वाटतंय."

"कुटं बगू?"

ओले केस कपाळावरून मागे सारायला तिला हात मोकळा नव्हता, आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही.

"माज्याकडं बगा," कावेरी म्हणाली.

आणि अप्पांनी पाहिलं.