वरचा नट

दाजींच्या गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप बदलायचे होते. एक काढून मी अंगणात आडवा ठेवला आणि क्लॅम्प आणायला घरात गेलो. क्लॅम्प लावून शॉकअपवरची जाड स्प्रिंग दाबल्याशिवाय वरचा नट सोडायचा नसतो. सोडला, तर ती सुटून माणसाचं तोंड फोडते.

आत ताई ओट्याला टेकून उभी होती. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद. माझं डोकंच फिरलं. आज ह्याचे हातपाय मोडतोच, म्हणत मी बाहेर धावलो.

दाजी शॉकअपवर ओणवे होऊन तोच नट सोडवत होते.

"दाजी, हात काढा! आधी स्प्रिंग दाबायची असते!" सवयीनं तोंडातून गेलंच.

"मला अक्कल शिकवू नकोस. बहिणीला शिकव."

मी पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात ताईनं मागून माझा दंड घट्ट धरला. क्लॅम्प तिच्याच हातात होते.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांना शिकवलेलं खपत नाही. सकाळीच बघितलं मी."

धाडकन आवाज झाला. स्प्रिंगनं दाजींचा जबडाच फोडला. दात अंगणभर उडाले आणि दाजी रक्तात लोळायला लागले.

ताईनं क्लॅम्प माझ्या हातात दिले.

"दोन्ही शॉकअप नीट, सावकाश बसव," ती म्हणाली. "ह्यांना दवाखान्यात न्यायला गाडी लागेल."